शिबिर उठल्यावर कुणाकडे जायचं?

दिव्यांगांच्या साहित्याची बातमी वर्तमानपत्रात येते ती वाटपाची. मंडप, मागे फ्लेक्स, पुढे ओळीने मांडलेल्या नव्याकोऱ्या तीनचाकी सायकली, त्यांवर बसलेली माणसं आणि त्यांच्या मागे हात ठेवून उभे असलेले पाहुणे. त्यातल्याच एखाद्या सायकलचा टायर पुढच्या पावसाळ्यात फाटला तर तिचा मालक काय करतो, हे कुणी छापत नाही. तो सायकल पडवीत लावतो आणि पुन्हा घरात बसतो. साहित्य त्याला मिळालेलं असतं, सरकारी कागदावर त्याच्या नावापुढे खूण झालेली असते, आणि त्याचं बाहेर पडणं मात्र बंद झालेलं असतं.

हा प्रश्न भोर आणि वेल्हे तालुक्यांत बघावा, कारण तिथे तो झाकायला जागा नाही. (वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मंजुरी दिली. लोकांच्या तोंडी वेल्हे आहे, म्हणून इथेही वेल्हेच.) नकाशावर ही दोन्ही ठिकाणं पुण्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर आहेत. पण केळदहून किंवा हिर्डोशीहून निघालेल्या माणसाला आधी रस्त्यावर यावं लागतं, मग एसटी, मग चेलाडी फाटा किंवा कापूरहोळ, मग महामार्ग. पाय नसलेल्या किंवा कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला हा अख्खा दिवसाचा कार्यक्रम असतो, आणि सोबत येणाऱ्या माणसाचा रोजही बुडतो. वर चार महिने पाऊस. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत ही धरणं इथे उगाच बांधलेली नाहीत. त्या पावसात लोखंड गंजतं, छर्ऱ्यांत चिखल जातो, रेक्झिन उसवतं.

किती माणसांचा हा प्रश्न आहे? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार दिव्यांग नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांहून थोडे जास्त. त्या वेळी भोरची लोकसंख्या 1 लाख 86 हजारांच्या आसपास होती आणि वेल्ह्याची 54 हजारांच्या. राज्याचं सरासरी प्रमाण लावलं तर दोन्ही तालुक्यांत मिळून सहा हजारांवर माणसं होतात. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे, आणि यातल्या सगळ्यांना साहित्य लागतं असंही नाही. पण जनगणनेने दिव्यांगत्वाचे 8 प्रकार धरले होते, 2016 च्या कायद्याने 21 मानले आहेत, आणि गुडघे-कंबर गेलेली अनेक म्हातारी माणसं यांत धरली जात नाहीत.

या माणसांच्या दारात साहित्य येतं कुठून? सगळ्यात मोठा पुरवठादार केंद्र सरकारचाच आहे: कानपूरचं भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगम, म्हणजे अलिम्को. 1972 साली स्थापना, 1976 पासून उत्पादन. ‘एडिप’ ही केंद्राची साहित्यवाटपाची योजना 1981 पासून चालू आहे, आणि तिच्या शिबिरांत दिसणाऱ्या तीनचाकी, व्हीलचेअर, कुबड्या, कानाची मशिनं बहुतांशी तिथूनच येतात. ज्येष्ठांसाठी 2017 पासून ‘वयोश्री’ योजना आहे. शाळकरी मुलांना समग्र शिक्षा अभियानातून मिळतं. जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांनी आपल्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, त्यातून काही येतं. शिवाय पुण्यातल्या संस्था आहेत. भारत विकास परिषदेचं विकलांग केंद्र आणि साधू वासवानी मिशन कृत्रिम हातपाय बसवून देतात. 1944 मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी उभं राहिलेलं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्रही पुण्यातच आहे. म्हणजे देणारे कमी नाहीत. देशातली काही उत्तम ठिकाणं या दोन तालुक्यांपासून दीड-दोन तासांवर आहेत.

अडतं ते पुढे. एकदा ‘एडिप’मधून साहित्य घेतलं की पुढची 3 वर्षं त्या माणसाला पुन्हा मिळत नाही, 12 वर्षांखालच्या मुलांना ही अट 1 वर्षाची आहे. वारंवार तेच नाव यादीत येऊ नये म्हणून केलेला हा नियम वाजवी आहे. पण त्या 3 वर्षांत वस्तू चालू ठेवायची जबाबदारी कुणाची, याचं उत्तर तालुक्याच्या कुठल्याच टेबलावर मिळत नाही.

पुरवठादार बुडाला तर काय होतं, याचा धडा नुकताच इंग्लंडने घेतला. तिथे घरी लागणारे खास पलंग, उचलायची यंत्रं, गाद्या, संडासच्या खुर्च्या हे सगळं स्थानिक परिषदा आणि सरकारी आरोग्यसेवा उसनं देतात, आणि ते साठवणं, पोचवणं, परत आणणं, धुणं, दुरुस्त करणं हे काम कंपन्यांना ठेक्याने दिलेलं असतं. एनआरएस हेल्थकेअर ही त्यातली एक मोठी कंपनी. 2024 मध्ये तिच्यावर सायबर हल्ला झाला आणि 1 ऑगस्ट 2025 रोजी ती दिवाळखोरीत निघाली. सरकारी अवसायकाने कामकाज ताब्यात घेऊन काही काळ चालू ठेवलं, आणि परिषदांना घाईघाईने दुसरे ठेकेदार शोधावे लागले किंवा काम स्वतःकडे घ्यावं लागलं. यातला शिकण्यासारखा भाग आर्थिक नाही. पलंग कुणाच्या घरात आहे, त्याची मोटर शेवटची कधी तपासली, गादी कधी बदलायची, हे सगळं ज्याच्याकडे लिहिलेलं असतं त्याच्या हातात सेवा असते. ती नोंद ठेकेदाराकडेच असेल, तर ठेकेदारासोबत तीही जाते.

याहून अंगावर काटा आणणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. सेकंड साइट नावाच्या कंपनीने दृष्टी गेलेल्यांसाठी ‘आर्गस 2’ हे डोळ्याच्या आत बसवायचं उपकरण काढलं. 2019 मध्ये तिने ते बनवणं थांबवलं आणि 2020 मध्ये ती बुडता बुडता वाचली. जगभरातल्या साडेतीनशेहून अधिक माणसांच्या डोळ्यांत हे यंत्र बसलेलं होतं, आणि ते बिघडलं तर दुरुस्त करणारं कुणी उरलं नाही. हे फार दूरचं वाटत असेल तर आपल्याकडच्या कॉक्लिअर इम्प्लांटकडे बघा. सरकारी खर्चाने मुलाच्या कानात आतला भाग बसतो, तो जन्माचा. बाहेरचा प्रोसेसर, त्याची वायर, त्याची बॅटरी हे मात्र झिजणारे भाग आहेत आणि ते त्याच कंपनीचे लागतात. कंपनीने ते मॉडेल बंद केलं की नवा प्रोसेसर कुठून, हा प्रश्न वेल्ह्यातल्या आईबापांनी मुंबईत कुणाला विचारायचा?

भोर-वेल्ह्यात मात्र पुरवठादार दिवाळखोरीत निघत नाही. तो शिबिर आटोपून निघून जातो. गाडी भरून साहित्य येतं, दिवसभरात वाटप होतं, संध्याकाळी मंडप उतरतो. ज्या तंत्रज्ञाने कानाचं मशीन लावून दिलं त्याचा फोन नंबर कुणाकडे नसतो. खरेदीची पद्धतही यात भर घालते. निविदा दरवर्षी नवी, सगळ्यात कमी दराचा ठेकेदार दरवर्षी वेगळा, म्हणून एकाच गावात तीन तऱ्हेच्या व्हीलचेअर दिसतात आणि एकीचं चाक दुसरीला बसत नाही. 2016 च्या अखेरीस राज्याने वैयक्तिक लाभाच्या योजनांत वस्तूंऐवजी पैसे थेट खात्यात देण्याचं धोरण घेतलं. त्याने निकृष्ट मालाच्या घाऊक खरेदीला आळा बसला, माणसाला स्वतःच्या पसंतीची वस्तू घेता येऊ लागली, हे चांगलंच झालं. पण आता एकेकट्या गिऱ्हाईकाच्या पावतीला दुकानदार कितीसा भाव देणार? शंभर खुर्च्या एकदम घेणारा खरेदीदार दोन वर्षांची दुरुस्ती मागू शकतो. एक खुर्ची घेणारा शेतमजूर ती मागू शकत नाही.

मोडतं नेमकं काय, ते बघितलं की हा प्रश्न वाटतो तितका अवघड राहत नाही. हाताने चालवायची तीनचाकी ही मुळात सायकलच आहे. टायर, ट्यूब, आरे, चेन, फ्रीव्हील, छर्रे, ब्रेकची वायर. भोरच्या बाजारपेठेतला किंवा नसरापूरचा कुठलाही सायकलवाला रिमचा आऊट काढून देऊ शकतो. अडचण इतकीच, की सायकल त्याच्यापर्यंत न्यायला टेम्पो लागतो आणि टेम्पोचं भाडं दुरुस्तीच्या कितीतरी पट असतं. व्हीलचेअरची गत जरा वेगळी. मागची मोठी चाकं निभावून नेतात, आधी मरतात ती पुढची लहान चाकं. ती फरशीवर फिरण्यासाठी केलेली असतात, आणि आपल्या वाडीत त्यांना शेणाने सारवलेलं अंगण, दगडी पायरी आणि मुरुमाचा रस्ता ओलांडायचा असतो. बेअरिंग जातं, चिमटा वाकतो, मग खुर्ची एका बाजूला ओढते. नंतर बैठक सैल पडते. बैठक सैल पडली की माणूस वाकडा बसतो, आणि ज्याला कमरेखाली काही कळत नाही त्याच्या बसण्याच्या हाडांवर जखम होते. ती जखम महिनोन्महिने भरत नाही, कधी जिवावर बेतते. म्हणजे शिंप्याकडे जाड पट्टा शिवून घेण्याचं काम राहिलं म्हणून माणूस रुग्णालयात. कुबडीच्या टोकाच्या रबराचंही तसंच. ते गुळगुळीत झालं की ओल्या शहाबादी फरशीवर कुबडी सटकते. दुकानात त्याची किंमत किरकोळ, पण ते मिळणारं दुकान गावात नसतं, म्हणून लोक त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतात. दोन-चार दिवस चालतं.

कानाच्या मशीनचा सेल हे तर छोटंसं कोडंच आहे. त्यातला जस्ताचा सेल हवेतल्या ऑक्सिजनवर चालतो. वरचं चिकटलेलं लेबल काढलं की तो चालू होतो, मशीन वापरा न वापरा, उतरतच राहतो. हे कुणी सांगितलं नाही तर घरची मंडळी ‘सेल वाचावा’ म्हणून मशीन डबीत ठेवतात आणि पंधरा दिवसांनी म्हणतात, सरकारी मशीन खराब निघालं. ते सेल वेल्ह्याच्या किराणा दुकानात मिळत नाहीत. लहान मुलाचा कान वाढतो तसा कानात बसणारा साचाही बदलावा लागतो, नाहीतर मशीन शिट्टी मारतं आणि मूल ते काढून फेकतं. बॅटरीवरच्या तीनचाकीत बॅटरी हाच सगळ्यात महाग आणि सगळ्यात आधी संपणारा भाग. पावसाळ्यात चार महिने गाडी उभी राहिली आणि मध्ये चार्ज केली नाही, तर साधी बॅटरी तिथेच मरते. दर आठवड्याला चार्जिंगला लावा, एवढं एक वाक्य वाटपाच्या दिवशी नीट सांगितलं गेलं असतं तर कितीतरी गाड्या आज चालल्या असत्या.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये साधनं कमी असलेल्या भागांसाठी व्हीलचेअरची मार्गदर्शिका काढली. तिच्यात खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या आहेत: माणूस शोधणं, तपासणं, काय लागेल ते ठरवणं, पैसे आणि मागणी, खुर्ची तयार करणं, अंगाला बसवून बघणं, वापर शिकवणं, आणि शेवटी देखभाल-दुरुस्ती. आपल्या शिबिराचा जीव पहिल्या पाच पायऱ्यांतच संपतो. सहावी घाईत उरकते, सातवी-आठवी होतच नाही.

ज्या गोष्टी टिकल्या त्या का टिकल्या, हेही बघायला हवं. जयपूर फूट घ्या. 1968 च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडवला. त्याचं पेटंट घेतलं नाही. रबर, लाकूड आणि पुढे प्लास्टिकचा पाइप असं साधं साहित्य, आणि बनवायची रीत सगळ्यांना खुली. म्हणून आज एक संस्था थांबली तरी दुसरी तो पाय बनवू शकते. शिवाय तो घालून उकिडवं बसता येतं, अनवाणी चालता येतं, भाताच्या चिखलात उतरता येतं. लावणीच्या दिवसांत वेल्ह्याच्या खाचरात या गुणाची किंमत कळते. अमेरिकेतले राल्फ हॉचकिस स्वतः व्हीलचेअर वापरतात. 1980 मध्ये निकाराग्वात त्यांना दिसलं, की परदेशातून आलेल्या खुर्च्या बिघडल्या की पडून राहतात. तेव्हापासून त्यांनी खुर्चीची रचनाच अशी केली, की तिचे सुटे भाग गावच्या सायकलवाल्याकडे मिळावेत. दोन्हींमागे एकच हिशोब आहे: वस्तू देणारा उद्या नसेल असं धरूनच ती निवडायची.

मग तालुक्याने काय करावं? माझ्या मते सुरुवात नोंदवहीपासून करावी, आणि ती पंचायत समितीत असावी. कुणाकडे कोणती वस्तू आहे, कोणत्या वर्षी कुठून आली, मॉडेल कोणतं, आज चालू आहे की बंद. वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, माणसाची नोंद ठेवतं. त्याच्या खुर्चीची अवस्था त्याला कळत नाही. आशा ताई घरोघर जातातच, त्यांच्या भेटीत एक ओळ वाढवावी लागेल. अर्थात आशांवर आधीच इतक्या नोंदी लादल्या आहेत, की हे काम फुकटात त्यांच्या गळ्यात मारणं अन्यायाचं होईल. या नोंदीचे पैसे द्यावेत. शाळकरी मुलांची माहिती गटसाधन केंद्राच्या विशेष शिक्षकांकडे असते, ती याच वहीत यावी. ही वही तयार असेल तर कोणताही ठेकेदार किंवा संस्था गेली, तरी नव्याला पहिल्याच दिवशी काम सुरू करता येतं. नसेल, तर पुन्हा शिबिर, पुन्हा रांग, पुन्हा तीच मापं.

दुसरं काम हातांचं. दोन्ही तालुक्यांत मिळून चार-पाच मिस्त्री पुरे: भोर शहर, नसरापूर, वेल्हे, पानशेतकडचं एखादं गाव. सायकलवाले, वेल्डिंगवाले, मोटर रिवाइंडिंगवाले आधीच आहेत. पुण्यातल्या एखाद्या संस्थेत त्यांनी थोडे दिवस घालवले, तर व्हीलचेअरचं बेअरिंग आणि बॅटरीगाडीचा चार्जर त्यांना परका राहणार नाही. दिव्यांगांपैकीच कुणी हे शिकलं तर आणखी चांगलं. महिन्यातून एक दिवस ठरवून मिस्त्रीने वाडीवर जावं, कारण बिघडलेल्या वस्तूने माणसाकडे येणं हीच तर मूळ अडचण आहे. त्याच्यासोबत एक पेटी: टायर-ट्यूब, लहान चाकं, बेअरिंग, कुबडीची रबरं, ब्रेकच्या वायरी, कानाच्या मशीनचे सेल. सेल थोडेच ठेवावेत आणि तारीख बघून.

दुरुस्तीला वस्तू गेली तर त्या आठवड्यात माणसाने काय करायचं? याचं उत्तर महाराष्ट्रात कधीचंच तयार आहे. रुग्णोपयोगी साहित्य केंद्र ही आपल्या शहरांतली ओळखीची गोष्ट. जनकल्याण समिती, ज्येष्ठ नागरिक संघ, गणेश मंडळं ती चालवतात. अनामत रक्कम ठेवा, वॉकर किंवा पलंग न्या, काम झालं की परत करा. वेल्हे तालुक्यात ज्ञान प्रबोधिनीने उभं केलेलं बचत गटांचं जाळं आहे. पैशांचे हिशोब चोख ठेवणाऱ्या या बाया पाच खुर्च्यांचं आणि दहा वॉकरचं केंद्र सहज चालवतील. आज म्हातारा गेल्यावर त्याची व्हीलचेअर माळ्यावर जाते किंवा भंगारात. ती या केंद्रात यावी, धुऊन-पुसून दुसऱ्याला जावी. गादी आणि उशीबाबत मात्र काटकसर करू नये. जखमेच्या माणसाची गादी फेकलेलीच बरी.

खरेदी करताना करारात काही वाक्यं घालावीत: सुटे भाग इतकी वर्षं मिळतील, तक्रारीनंतर इतक्या दिवसांत माणूस येईल, लाभार्थ्यांची यादी आणि दुरुस्तीचा इतिहास पंचायत समितीच्या मालकीचा राहील, काम सोडताना साठा इथेच ठेवावा लागेल. सगळं एकाच ठेकेदाराला देऊ नये. दोघांना दिलं तर दर थोडा चढेल, आणि तो चढू द्यावा. कानपूरहून गाडी दोन महिने आली नाही, तरी काम अडू नये यासाठी मोजलेले ते पैसे आहेत.

पैसा हा शेवटचा आणि सगळ्यांच्या आवडीचा आक्षेप. उदाहरणादाखल धरा, एका छोट्या ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न वर्षाला 3 लाख आहे. 5 टक्के म्हणजे 15 हजार. एवढ्यात एकटी पंचायत काही उभं करू शकत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी ही रक्कम गावातल्या दिव्यांगांत थोडी थोडी वाटून वर्ष मिटवलं जातं. घेणाऱ्याला ती नकोशी नसते, हे खरं. घरात हजार रुपयेही मोठे असतात. पण दहा पंचायतींनी निम्मी रक्कम एकत्र केली तरी वर्षाला 75 हजार होतात, आणि तेवढ्यात मिस्त्रीची पेटी भरून त्याच्या फेऱ्यांचं भाडं निघू शकतं. बाकीचं जिल्हा परिषदेच्या 5 टक्क्यांतून यावं. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग सुरू केला. त्याने वाटपाच्या लक्ष्यासोबत ‘किती वस्तू चालू आहेत’ हा रकाना मागायला सुरुवात केली, तर तालुके आपोआप वही काढतील.

वाचक भोरचा असो, वेल्ह्याचा असो की कोकणातल्या कुठल्या वाडीचा, एक काम त्याच्या हातात आहे. ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास होतात. पुढच्या सभेला जाऊन 5 टक्के निधी कशावर खर्च झाला ते विचारा, आणि गावात आलेल्या तीनचाकी व खुर्च्यांपैकी आज किती चालू आहेत तेही विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.